कयाधू-पूर्णेचा संगम कुठे?

हिंगोलीत सर्वज्ञ माणसांना तोटा नाही. गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्यापासून सामान्यज्ञान हे इथलं चलनी नाणं झालंय. चहाच्या हॉटेलात चार पोरं बसली की त्यातल्या दोघांना राज्यघटनेची कलमं क्रमांकासह पाठ असतात. आमच्या बैठकीतही असे एक सर आहेत. पूर्वी क्लास घ्यायचे, आता घेत नाहीत, पण शिकवणं काही सुटलेलं नाही. विषय कुठलाही निघो, सरांचं वाक्य ‘त्याचं कसं आहे’ इथून सुरू होतं आणि समोरच्याचा चहा थंड झाल्यावर संपतं.

अशा माणसाला एकदा तरी आडवं पाडावं, ही मित्रमंडळींची जुनी हौस. त्यासाठी आडवळणाचे विषय हुडकले जातात. कुणी टांझानियाची राजधानी विचारतो, कुणी ऑक्टोपसला हृदयं किती ते विचारतो. पण हा रस्ता चुकीचा. सरांना डोडोमाही माहीत असतं आणि तीन हृदयंही. अवघड प्रश्न म्हणजे त्यांच्यासाठी मेजवानीच.

मग आमच्यातल्या एकानं डाव बदलला. त्यानं अवघड प्रश्न विचारला नाही, नसलेल्या गोष्टीबद्दलच विचारलं.

‘सर, ते कयाधू-पूर्णेच्या संगमावरचं देऊळ कुठल्या काळातलं हो?’

‘यादवकालीन. हेमाडपंती काम आहे. त्याचं कसं आहे, औंढ्याचं देऊळ झाल्यावर कारागीर मोकळे झाले, ते तिकडं वळले.’

सगळे गप्प. मग एकाला ठसका लागला आणि बाकीचे फुटले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. कयाधू वाशीम जिल्ह्याकडून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत पुढं जाते आणि पैनगंगेला मिळते. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं हिच्यावरच. पुढं परभणी जिल्ह्यात कंठेश्वरजवळ ती गोदावरीत जाते. दोन्ही नद्या आमच्या जिल्ह्यातून वाहतात, पण एकमेकींची गाठ घेत नाहीत. संगमच नाही तर संगमावरचं देऊळ कुठलं आणि मोकळे झालेले कारागीर तरी कुठले!

सर दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊनच आले. म्हणाले, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. म्हणजे कयाधूचं आणि पूर्णेचं पाणी शेवटी एकत्र येतंच की. भूगोल शंभर टक्के बरोबर. फक्त हा ‘संगम’ हिंगोलीपासून तीनशे किलोमीटरवर गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला निघाला. हार मानायची नाही म्हणून माणूस किती खरी माहिती गोळा करतो, ते त्या दिवशी पाहिलं.

थट्टा बाजूला ठेवून सरांच्या पहिल्या उत्तराकडे पाहावं. ते अडाण्याचं उत्तर नव्हतं. औंढा नागनाथचं देऊळ यादवकाळातलं मानतात, या भागात हेमाडपंती बांधणीची देवळं आहेत, नद्यांच्या संगमावर बहुधा एखादं देऊळ असतंच. सरांनी हे सगळे खरे तुकडे जोडले आणि एक खोटं देऊळ उभं केलं. ज्याला यादव कोण हेच माहीत नाही, तो म्हणाला असता, ‘मला नाही बा माहीत.’ थाप पचेल अशी मारायला आधी थोडं ज्ञान लागतं.

यावर मानसशास्त्रज्ञांनी रीतसर काम केलंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले डेलरॉय पॉलहस यांनी सहकाऱ्यांसह 2003 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दीडशे नावांची यादी. त्यात ऐतिहासिक व्यक्ती, पुस्तकं, शास्त्रातल्या संज्ञा असं सगळं. प्रत्येक नावापुढं फक्त लिहायचं, हे तुम्हाला कितपत माहीत आहे. मेख अशी की दीडशेपैकी तीस नावं बनावट, दर पाचात एक. खऱ्या नावांना किती वेळा होकार दिला आणि खोट्यांना किती वेळा, हे ताडून दोन आकडे वेगवेगळे काढता येतात. एक आकडा माणसाच्या ज्ञानाचा, दुसरा फुशारकीचा. नुसत्या अवघड प्रश्नांनी हे साधत नाही. तिथं ज्ञानी आणि बोलघेवडा दोघंही ‘माहीत आहे’ म्हणतात. आमच्या मित्रानं हॉटेलात बसून नेमकी हीच युक्ती वापरली होती. पॉलहस हे नाव त्यानं आजतागायत ऐकलेलं नाही.

पुढचं पाऊल 2015 मधलं. स्टाव अतीर, एमिली रोझेनझ्वाइग आणि डेव्हिड डनिंग यांनी लोकांना आधी विचारलं, पैशाच्या व्यवहारातलं तुम्हाला किती कळतं? मग पंधरा संज्ञा दिल्या. त्यातल्या तीन मनानं रचलेल्या, ऐकायला मात्र बँकेच्या कागदावर शोभतील अशा. स्वतःला जाणकार समजणाऱ्यांनी त्या तीन संज्ञाही ‘माहीत आहेत’ असं जास्त प्रमाणात सांगितलं. दुसऱ्या एका प्रयोगात काहींना आधीच बजावलं होतं की यादीत खोटी नावं आहेत. तरी कल तोच राहिला. आणखी एका प्रयोगात काहींना भूगोलाची सोपी चाचणी दिली, म्हणजे आपल्याला भूगोल येतो असं त्यांना वाटावं. नंतर अमेरिकेत अस्तित्वातच नसलेली गावं विचारली, तर हीच मंडळी ती ओळखीची असल्याचं अधिक सांगू लागली. चार सोपे प्रश्न विचारून माणसाला चढवायचं आणि पाचवा खोटा टाकायचा, हा बैठकीतला जुना डावच त्यांनी प्रयोगशाळेत नेला म्हणायचा.

स्पर्धा परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून तिथं पोरं प्रश्न सोडून देतात. हॉटेलात गुण कापत नाहीत.

आता खरे प्रश्न. हिंगोलीबद्दल असे काही प्रश्न आहेत की तिथं सरच काय, पिढ्यानपिढ्या इथं राहणारेही अडखळतात. हिंगोलीत तोफखाना आहे, रिसाला आहे, पलटण आहे, पेन्शनपुरा आहे. माणसं पत्त्यावर ही नावं रोज लिहितात. तोफ कुणाची होती, पेन्शन कुणाला मिळत होती, हे विचारा आणि गंमत बघा. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा इथं तळ होता, एवढं दहातले दोघं सांगतील. हरिसिंग कोण, हे मात्र कुणी सांगत नाही.

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. ठगांवरची त्याची कादंबरी 1839 मध्ये निघाली आणि विलायतेत गाजली. तिच्या प्रस्तावनेत त्यानं हिंगोली छावणीच्या बाजारातल्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. तोच हरिसिंग, मुळात ठग. त्यानं त्या भागाचा मुलकी कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. जवळच्या गावचा एक व्यापारी तसाच माल घेऊन वाटेत आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना त्यानं मारलं आणि त्यांचं कापड त्याच परवान्यावर हिंगोलीत आणून छावणीत उघडपणे विकलं. पुढं पकडला गेल्यावर त्यानं स्वतःच हे सांगितलं, म्हणून कळलं. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली, असं टेलर लिहितो. काही खड्डे उघडताना तो स्वतः हजर होता. ठगांविषयीच्या कंपनीकाळातल्या कहाण्या थोड्या हात राखूनच वाचाव्यात, असं आजचे इतिहासकार सांगतात, आणि ते बरोबर आहे. जिथंतिथं ठग पाहण्याची सवय त्या साहेबांना लागली होती. पण ज्या बाजारात आपण भाजी घेतो तिथली ही गोष्ट विलायतेत छापून आली आणि इथल्या सर्वज्ञांपर्यंत पोचली नाही, हे खरंच.

दुसरा प्रश्न सोपा वाटतो. नागनाथाचं ज्योतिर्लिंग कुठं आहे? इथलं शाळकरी पोरही औंढा सांगेल. गुजरातेतला माणूस द्वारकेजवळचं नागेश्वर सांगेल आणि उत्तराखंडातला जागेश्वर. स्तोत्रात दारुकावन म्हटलंय आणि ते वन नेमकं कुठलं, यावर तीन ठिकाणांचा दावा आहे. या प्रश्नाला एका गावाचं नाव सांगून मोकळं होता येत नाही, ‘दावे असे असे आहेत’ एवढंच म्हणता येतं. सर्वज्ञ माणसाला हे सगळ्यात जड जातं. त्याला एकच उत्तर हवं असतं आणि तेही आत्ताच्या आत्ता.

पण सरांची खरी दांडी उडाली ती हळदीवर. एका सकाळी वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर सरांचं निरूपण चाललं होतं. सेलम जात, कुरकुमिनचं प्रमाण, बाजारभाव, सगळं बिनचूक. शेजारच्या बाकड्यावर एक शेतकरी बसले होते. त्यांनी सहज विचारलं, ‘सर, हळद शिजवतात कशापायी?’

सर म्हणाले, ‘टिकावी म्हणून.’

‘टिकायला वाळवली तरी चालतंय की. आलं नाही का नुसतं वाळवून सुंठ होत? शिजवायचं काय काम?’

सरांनी ‘त्याचं कसं आहे’ म्हटलं आणि पुढं शब्दच आला नाही. आम्ही सगळे लहानपणापासून हळद खातो, लग्नात लावतो, घराघरातून तिचे पैसे येतात. पण या प्रश्नाला आमच्यातल्याही कुणाकडे उत्तर नव्हतं.

मग त्या शेतकऱ्यानंच सांगितलं. हळद काढली की जेठे गड्डे वेगळे करायचे, ते पुढच्या वर्षीच्या बेण्याला. हळकुंडं शिजवायची. पूर्वी काहिलीत पाणी घालून तास-पाऊण तास उकळायची, आता वाफेचे कुकर आलेत, काम मिनिटांवर आलंय. फेस येतो, पांढरी वाफ निघते आणि वास बदलतो. हळकुंडात काडी खुपसून बघायची, सहज आत गेली की झालं. कमी शिजली तर मध्ये कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग बिघडतो. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची आणि पिंपात घालून पॉलिश करायची. पाच क्विंटल ओली हळद धरली तर हातात क्विंटलभर सुकी येते.

यातलं शास्त्र असं. शिजवल्यानं हळकुंडातला पिष्ट पदार्थ खळीसारखा होतो, पेशी मरतात, त्यामुळं कोंब फुटायची शक्यता संपते आणि कच्चा उग्र वास जातो. आतला पिवळा रंग कच्च्या हळकुंडात ठिकठिकाणी साठलेला असतो, तो शिजताना सगळीकडं सारखा पसरतो. वाळायला दिवसही कमी लागतात. हळकुंड मोडलं की आतून एकसारखं केशरट पिवळं आणि काचेसारखं कडक दिसतं, ते या शिजवण्यामुळं.

हळदीवर सरांचं आणि आमचं जे झालं, तेच येल विद्यापीठात लिऑन रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं होतं. त्यांनी लोकांना विचारलं, चेन कशी लागते, कुलूप कसं उघडतं, शिवणयंत्र कसं चालतं, हे तुम्हाला किती समजतं? लोकांनी स्वतःला चांगले गुण दिले. मग सांगितलं, आता एक-एक पायरी लिहून काढा. लिहायला बसल्यावर घाम फुटला आणि पुन्हा गुण द्यायला सांगितल्यावर बहुतेकांनी ते आपणहून कमी केले. राजधान्या आणि तारखा यांच्या बाबतीत माणसाची अशी फसगत एवढी होत नाही. ते एकतर येतं किंवा येत नाही. फसगत होते ती ‘कसं’ आणि ‘का’ या प्रश्नांवर, त्यातही रोज हाताळायच्या वस्तूंवर. सर्वज्ञाला अडवायचं असेल तर टांझानियाला कशाला जायचं, स्वयंपाकघरात जावं.

हिंगोली जिल्ह्यात या विषयाला मोठा वारसा आहे, हे मी गमतीनं म्हणत नाही. कयाधूकाठची नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. काही अभ्यासक पंढरपूर म्हणतात, तो वाद वेगळा. परंपरा जन्मसाल 1270 सांगते. त्यांची एक कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, हे थापटणं कशाला? मडकं पक्कं की कच्चं ते बघायला, म्हणाले. मग आमचीही मडकी बघा की! गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. गोरोबांनी निकाल दिला, एवढं मडकं कच्चं आहे. ज्यांच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलतो अशी ख्याती, त्यांना मित्रांच्या बैठकीत हे ऐकावं लागलं.

कथेचा पुढचा भाग औंढ्यात घडतो. गुरूच्या शोधात नामदेव नागनाथाच्या देवळात आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी हटकलं. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय बाबा, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवू लागले, आणि ठेवतील तिथं पिंड. कीर्तनकार यातून भक्तीचा अर्थ काढतात, तो काढावाच. पण प्रश्नाची घडण बघा. विसोबांनी अशी जागा विचारली जी मुळात नाहीच, आणि समोरचा ती शोधायला निघाला. आमच्या मित्राचा कयाधू-पूर्णेचा संगम या प्रश्नापुढं फारच बाळबोध. गंमत म्हणजे परंपरेप्रमाणं हेच विसोबा एकेकाळी ज्ञानदेव भावंडांची टवाळी करणारे शहाणे गृहस्थ होते. अहंकार मोडून घेतल्यावरच ते गुरू झाले.

त्याच औंढ्याजवळ आता या खेळाचा सगळ्यात मोठा जागतिक खेळाडू येतो आहे. दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2600 कोटी रुपयांना मंजुरी दिली. गावात विचारलं तर ‘मोठी दुर्बीण बसणार’ असं सांगतात. आमच्या सरांनीही तेच सांगितलं होतं, वर भिंगाचा व्यासही दिला होता. लायगोला भिंग नसतं. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे आणि मधून धावणारा लेसर किरण, अशी ती रचना. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात लहर उठते, ती पृथ्वीपाशी येते तेव्हा या नळ्यांची लांबी किंचित बदलते. किंचित म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी. जवळून मालमोटार गेली तरी त्याहून कितीतरी मोठा हादरा बसतो. म्हणजे इथं ‘दिसलं, दिसलं’ म्हणून फसणं फार सोपं. 1969 मध्ये अमेरिकेतले जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या दंडगोलांनी अशा लहरी पकडल्याचं जाहीर केलं होतं. इतरांनी तेच करून पाहिलं, काहीच हाती लागलं नाही. त्या अपयशाची धास्ती या क्षेत्रात पुढं कित्येक वर्षं होती.

म्हणून लायगोवाल्यांनी स्वतःवरच खोटा प्रश्न टाकायची पद्धत ठेवली. अगदी मोजक्या लोकांना अधिकार दिला की त्यांनी गुपचूप आरसे हलवून खोटी लहर आत घुसवावी. कधी घुसवली, घुसवली की नाही, हे इतर शेकडो शास्त्रज्ञांना कळू द्यायचं नाही. 16 सप्टेंबर 2010 ला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन्ही केंद्रांत एक झकास संकेत आला. बृहल्लुब्धक, म्हणजे मोठा कुत्रा, या तारकासमूहाच्या दिशेनं तो आल्यासारखा दिसला, म्हणून त्याचं नावच ‘बिग डॉग’ पडलं. सहा महिने सगळे त्यावर राबले. निव्वळ योगायोगानं असा संकेत सात हजार वर्षांत फार तर एकदा येईल, असं गणित निघालं. शोधनिबंध लिहून तयार झाला. मार्च 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडियाला सगळे जमले आणि लिफाफा उघडला. संकेत खोटा होता.

कुणी रुसलं नाही. खोटा का होईना, यंत्रणेनं तो पकडला होता. शिवाय जाहीर करण्याआधी थांबायची सवय लागली होती. 14 सप्टेंबर 2015 ला जर्मनीत हॅनोव्हरला बसलेल्या मार्को द्रागो या तरुण संशोधकाच्या पडद्यावर संकेत उमटला, तेव्हा त्याला पहिली शंका हीच आली की हे पुन्हा आपल्याच लोकांचं काम असणार. लिव्हिंग्स्टनला फोन करून खात्री केली गेली. कुणी काही घुसवलं नव्हतं. एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांची ती खरी टक्कर होती. तरीही घोषणा झाली ती 11 फेब्रुवारी 2016 ला, पाच महिने उलटतपासणी करून.

इथं दोन नावं सांगितली पाहिजेत. गोंगाटातून अशी लहर ओळखायची तर तिचा अंदाजे आकार आधी गणितानं काढून ठेवावा लागतो आणि येणाऱ्या संकेतावर तो ताडून बघावा लागतो. ही पद्धत घडवण्यात पुण्याच्या आयुका संस्थेत काम केलेले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा 1991 पासूनचा वाटा मोठा आहे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी हे वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

या शास्त्रज्ञांच्या गोटात एक जण असाही होता की ज्यानं त्यांनाच चकवलं. हॅरी कॉलिन्स हे वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या मंडळींचा अभ्यास ते 1972 पासून करत आले. त्यांना गणितं करता येत नाहीत, यंत्र चालवता येत नाही, पण या लोकांत बसून ऐकण्यात आयुष्य गेलेलं. एक चाचणी झाली. याच विषयावरचे सात प्रश्न कॉलिन्स आणि एक खरा भौतिकशास्त्रज्ञ यांना दिले आणि त्यांची उत्तरं नावं झाकून याच क्षेत्रातल्या नऊ जाणकारांकडे पाठवली. सात जणांना खरा कोण ते ठरवता आलं नाही. उरलेल्या दोघांनी कॉलिन्सलाच भौतिकशास्त्रज्ञ ठरवलं. 2006 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकानं ही बातमी दिली. कॉलिन्सना मी सर्वज्ञांत धरत नाही, त्यांनी कधी आव आणला नाही. आपण काय करू शकत नाही, याचाच तर ते अभ्यास करत होते. सरांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते खूश झाले. त्यांना ती आपल्या बाजूची वाटली असावी.

तुमच्या बैठकीतही एखादे सर असतीलच. त्यांच्यासाठी यादी करा, पण जरा नीट करा. पाच नावांत एकच बनावट ठेवा, सगळीच बनावट ठेवलीत तर तो खेळ राहत नाही, फसवणूक होते. नद्या, किल्ले, देवळं, बियाण्यांच्या जाती, जुन्या पेठा यांतून नावं निवडा. बनावट नाव आधी नकाशात आणि गॅझेटियरमध्ये तपासा, कारण आपल्याला खोटं वाटलेलं गाव खरंच कुठंतरी निघतं आणि मग बोलती आपली बंद होते. हिंगोलीकरांनी परभणी जिल्ह्याचं गॅझेटियर बघावं. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यामुळं इथली जुनी माहिती सगळी त्यातच आहे. त्या माणसाच्या पोराबाळांसमोर हा खेळ करू नये. आणि ती यादी दुसऱ्यापुढं ठेवण्याआधी एखाद्या मित्राकडून दुसरी करून घ्या आणि पहिल्यांदा स्वतः सोडवा.